दोन बाणांचा निरोप

‘एकटे असताना छातीत दुखू लागले तर जोरजोरात खोका,’ हा निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनचा या उपायाला पाठिंबा नाही. अशा वेळी खोकत बसू नये, आधी १०८ ला फोन करावा. एन्क्रिप्शनमुळे कंपनीला हा मजकूर वाचता येत नाही, मग गाळणार कसा? मोजली जाते ती फक्त साखळी. पाच किंवा अधिक वेळा पुढे गेलेल्या निरोपावर दोन बाण दिसतात. एप्रिल २०२० पासून तो एका वेळी एकाच व्यक्तीला किंवा ग्रुपला पाठवता येतो. बाण म्हणजे खोटेपणाचा शिक्का नव्हे. खरी माहितीही अशीच फिरते. काकांनी असा निरोप टाकला, तर सगळ्यांसमोर खोडून काढण्याआधी त्यांना फोन करा. दुरुस्ती मात्र ग्रुपवरच हवी, शक्यतो काकांच्याच हातून. निरोप वाचलेले सगळे तिथेच आहेत.