कानाला लावलेला पेचकस

पुणे–हैदराबाद महामार्गाला बिदर–कलबुर्गी रस्ता हुमनाबादेत येऊन मिळतो. या दोन जिल्ह्यांतली तूर कलबुर्गीच्या डाळमिलला, भालकी-औरादचं सोयाबीन उदगीर-लातूरच्या आडतीला, कमलापूरची तांबडी केळी बाजाराला आणि पौर्णिमेला गाणगापूरचे भक्त, सगळे जातात पिकअपनंच. ती बंद पडली की घराचा महिना अडतो. म्हणून ‘गाडी आवाज करतीय’ हे वाक्य इथल्या गॅरेजात मराठीत, कन्नडात किंवा दखनीत, कुणीही म्हटलं तरी म्हणणाऱ्याचा चेहरा सारखाच उतरलेला असतो.

ऐन तुरीच्या सुगीत आमच्या पिकअपला हा आवाज लागला. थंडीत सकाळी गाडी चालू केली की टकटक, रेस दिली की जास्त. एका गॅरेजात दोन मिनिटं ऐकून सांगितलं, ‘‘बेअरिंग गेलंय, इंजिन उतरवावं लागंल.’’ इंजिन उतरवायचं म्हणजे क्रँक लेथवर जाणार, हातातलं भाडं जाणार. मनाला पटेना, म्हणून आम्ही गाडी आमच्या जुन्या मिस्त्रीकडं नेली.

त्यांनी पान्याला हातच लावला नाही. आधी विचारत बसले. आवाज थंड असताना येतो की तापल्यावर? चढाला वाढतो का? क्लच दाबला की जातो का? ऑइल कधी बदललं, ऑइलचा दिवा लागतो का? त्यांच्या प्रत्येक प्रश्नानं एकेक शंका गळत होती. क्लच दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडं बघायचं. दाबल्यावरच आला तर क्लचच्या बेअरिंगकडं. थंडीत येऊन तापल्यावर विरला तर पिस्टन सैल असेल किंवा कुठंतरी गॅस फुटत असेल. ऑइलचा दिवा आणि जड ठोका एकत्र आले तर मात्र गाडी तिथंच बंद करायची. एक किलोमीटरही न्यायची नाही. मग म्हणाले, ‘‘रात्री गाडी इथंच ठेवा. सकाळी थंड इंजिन मी चालू करतो.’’

सकाळी त्यांनी लांब पेचकस काढला. टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर. लोखंडातून आवाज हवेपेक्षा कितीतरी स्वच्छ येतो. खाली ऑइलच्या चेंबरला लावला, तिथं ठोका नव्हता. वर हेडला लावला, टकटक जराशी जवळ आली. तिचा वेग त्यांनी मोजला नाही, पण ओळखला. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांना कॅमची एक फेरी होते. मिनिटाला आठशे फेऱ्यांवर इंजिन सुस्त चालत असेल, तर खालच्या बेअरिंगचा ठोका बहुधा दर फेरीला, म्हणजे सेकंदाला तेरा वेळा पडतो. एका व्हॉल्व्हचा त्याच्या निम्म्यानं, सेकंदाला सहा-सात. इतका फरक कानाला कळतो. आमची टकटक संथ होती. ‘‘खालचं काही नाही,’’ ते म्हणाले, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला.

मग व्हॉल्व्हचं टॅपेट? कव्हर काढून फिलर गेज घालून पाहिलं, फट बरोबर होती. आता त्यांनी पेचकस ठेवून रबरी नळीचा तुकडा घेतला. धातूच्या ठोक्याला सळई चालते, पण फुटणाऱ्या हवेला नळीच लागते. पॅरिसमध्ये १८१६ साली लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावली आणि त्यातूनच पुढं स्टेथोस्कोप आला. आमच्या मिस्त्रींनी नळीचं एक टोक कानाशी धरून दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या कडेनं फिरवलं. तिसऱ्या सिलिंडरपाशी ते थांबले. मला वाकून दाखवलं, जोडाशी काजळीचा काळा पट्टा होता. तिथला एक स्टड तुटलेला. थंड असताना तिथून धूर टकटक करत फुटायचा. तापल्यावर लोखंड फुगून फट मिटायची. एका सिलिंडरचा धूर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच सुटतो, म्हणूनच तो आवाज टॅपेटसारखा लागतो.

त्यांच्या कानाचं मला कौतुक वाटतं आणि काळजीही. चालू डिझेल इंजिनाशी रोज डोकं लावून बसणाऱ्या माणसाचा सगळा धंदा त्या कानावर आहे, आणि त्याला कापसाचा बोळासुद्धा कुणी देत नाही.

जुन्या पंपाच्या इंजिनात ते आणखी एक परीक्षा घेत: एकेका नोझलच्या पाइपचा नट अर्धा फेरा सैल करायचा. ज्या सिलिंडरला डिझेल तोडल्यावर ठोका मऊ होतो, दोष त्याच सिलिंडरात. १९९७ साली युरोपात मोटारींमध्ये आलेल्या कॉमन रेलनं ही वाट बंद केली. त्या पाइपातला दाब हजार बारच्या वरही जातो. नट सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. आता इंजेक्टरचा वायरचा जोड काढतात किंवा स्कॅनर लावतात. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यापासून स्कॅनर नसलेल्या गॅरेजात नवी गाडी फारशी थांबत नाही. मिस्त्रींच्या पोराकडं स्कॅनर आहे, तो हुशारही आहे. तुटलेला स्टड मात्र त्या पडद्यावर उमटला नसता, आणि इंजेक्टरच्या वायरमधला दोष पेचकसानं सापडला नसता. दोघं एका छपराखाली आहेत, याचं मला समाधान आहे.

तुटलेल्या स्टडचं बूड हेडमध्येच अडकलं होतं. त्यावर नट ठेवून वेल्डिंग केलं, गार होऊ दिलं, मग पान्यानं हळूहळू फिरवत काढलं. घाई केली असती तर हेडच गेलं असतं. नवा स्टड, नवं गॅसकेट, नट मधून बाहेर थोडे थोडे आवळत आणले. दुपारी गाडी चालू केली तेव्हा टकटक नव्हती.

आम्ही पैसे देऊन निघालो, तर मिस्त्री फडक्याला हात पुसत मागून आले. ‘‘कलबुर्गीला तूर टाकून येताना इथं थांबा. तापून-निवून नट सैल पडत्यात. एकदा परत आवळायचं हाय.’’