भावाची खात्री, बातमीची का नाही?

लातूरच्या आडत बाजारात सोयाबीनचा भाव कोणी एका फोनवर खरा मानीत नाही. दुसऱ्या पेठेतून खात्री करूनच सौदा ठरतो. त्याच घरातील मुलगा मात्र मोबाइलवर आलेली बातमी क्षणात स्टेटसला ठेवतो.

१ सप्टेंबर २०२३ रोजी आंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर झालेल्या लाठीमाराची दृश्ये अशीच घरोघरी पोहोचली. ती खरी होती; तरुणांचा संतापही खरा होता. ३० ऑक्टोबरला मात्र शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावला, एक ध्वनिफीत पसरल्यानंतर आमदारांचे घर पेटवण्यात आले. आमदार तेव्हा आत होते. पुढे जिल्ह्यात संचारबंदी लागली, इंटरनेटही बंद झाले.

“आपण व्यापारी, आपल्याला राजकारण कशाला?” हे वडीलधाऱ्यांचे उत्तर आता पुरे पडत नाही. २०२४ ची नांदेड लोकसभा पोटनिवडणूक अवघ्या १,४५७ मतांनी ठरली. अठरा वर्षांच्या मुलाला गप्प बस, असे कोणत्या तोंडाने सांगावे? त्याने जरूर बोलावे. फक्त ‘हे कोठून आले, आणखी कोणी सांगितले?’ ही आडतीवरची चौकशी बातमीलाही लावावी. स्टेटस त्याचे असले, तरी गिऱ्हाईक त्यात दुकानाचेच मत वाचते.