दोन कुंपणे आणि एक खडक

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने डिसेंबर २०२४मध्ये कॅलिफोर्नियातील पॉइंट रेयेस या सागरतटीय उद्यानातील एक लांबलचक कुंपण काढून टाकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याची चर्चा मुख्यतः पशुपालक विरुद्ध प्राणिप्रेमी अशीच झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या वायव्येस, पॅसिफिक महासागरात घुसलेल्या या द्वीपकल्पावर पाहण्याजोगी कुंपणे मात्र दोन होती. एक भूकंपाने तोडलेले, दुसरे माणसाने घातलेले. दोन्हींच्या जवळून पायवाटा जातात आणि त्यांचा इतिहास एकाच खडकापाशी येऊन मिळतो, हे त्या वादात मागे पडले.

पहिले कुंपण उद्यानाच्या प्रवेशभागी, बेअर व्हॅलीतील सुमारे एक किलोमीटरच्या वर्तुळाकार वाटेवर आहे. १८ एप्रिल १९०६ रोजी सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त करणारा भूकंप ज्या सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर झाला, तो, म्हणजे भूकवचातील अशी भेग की जिच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांना घासत सरकतात, याच दरीतून जातो. त्या पहाटे येथील एका गोठ्याजवळचे सरळ कुंपण तुटून त्याची दोन टोके सुमारे पाच मीटर दूर गेली, तर जवळच्या टोमालेस खाडीच्या दक्षिण टोकाशी असलेला रस्ता सुमारे सहा मीटर सरकला. आज वाटेवर दिसते ते कुंपण पुन्हा उभारलेले आहे. अंतर मात्र त्या वेळच्या मोजणीशी जुळणारे आहे.

ही मोजणी करणारा ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट (१८४३–१९१८) हा भूवैज्ञानिक पाठ्यपुस्तकांत फारसा भेटत नाही. भूकंपाची कारणमीमांसा म्हणून शिकवला जाणारा 'प्रत्यास्थ प्रतिक्षेप' सिद्धांत १९१०मध्ये हॅरी फील्डिंग रीड याने मांडला आणि त्याचेच नाव त्याला चिकटले. बांबूची कांब दोन्ही हातांनी हळूहळू वाकवत नेली, तर ती लगेच मोडत नाही. लावलेले बळ ती आपल्यात साठवत जाते, मर्यादा ओलांडताच कडाडून तुटते आणि तुटलेले दोन्ही भाग झटक्यात सरळ होतात. खडकांचेही तसेच होते. भेगेवरील घर्षण त्यांना धरून ठेवते, दूरचा भूभाग सरकतच राहतो, दरम्यानचा खडक वाकतो आणि अखेर घर्षण हरते. या कल्पनेचा गाभा गिल्बर्टने युटातील पर्वतांच्या अभ्यासावरून १८८३मध्येच सॉल्ट लेक सिटीच्या एका वर्तमानपत्रात लिहून तेथील रहिवाशांना भावी भूकंपाची सूचना दिली होती. गिल्बर्टपुढे उभे उचलले जाणारे पर्वत होते, तर रीडच्या हाती आडव्या सरकण्याची अनेक दशकांची सर्वेक्षणे होती, त्यामुळे रीडचे श्रेय खोटे नव्हे, पण सिद्धांताचा जनक एकटा रीड होता, असे शिकवणे अन्यायाचे आहे.

गिल्बर्टही अचूकतेचा पुतळा नव्हता. जवळच्या शाफ्टर कुटुंबाच्या गोठ्यातील एक गाय भूकंपात भेगेत पडली, जमीन मिटली आणि वर केवळ शेपूट उरले, ही हकिकत त्याने अधिकृत अहवालात गंभीरपणे नोंदवली. त्याच्या भेटीपूर्वी ते शेपूट कुत्र्यांनी खाल्लेले होते. आधीच मेलेली गाय पुरण्यासाठी ती आयती भेग वापरली गेली, असे पुढे सांगितले जाऊ लागले आणि तेच अधिक संभवनीय वाटते.

भेगेच्या पश्चिमेकडील द्वीपकल्प पॅसिफिक भूपट्टावर, म्हणजे भूकवचाच्या सरकत्या प्रचंड तुकड्यावर, स्वार होऊन वायव्येकडे चालला आहे. त्यामुळेच त्याच्या पायातील ग्रॅनाइट शेजारच्या भूमीशी जुळत नाही. त्याचे साम्य सुमारे ५०० किलोमीटर दक्षिणेकडील तेहाचापी पर्वतातील खडकांशी आढळते. या परक्या ग्रॅनाइटपासून झिजून झालेली माती दुसऱ्या कुंपणाच्या कथेत महत्त्वाची ठरते.

२०२४मध्ये काढून टाकण्याचे ठरलेले हे दुसरे कुंपण उद्यानाच्या उत्तरेस टोमालेस पॉइंट या अरुंद भूशिरावर आडवे घातलेले होते. ट्यूल एल्क हे केवळ कॅलिफोर्नियात आढळणारे, सांबराच्या कुळातील मोठे हरीण सोन्याच्या शोधाच्या धामधुमीनंतर शिकारीमुळे नष्ट झाल्याचे मानले जात होते. १८७०च्या दशकात हेन्री मिलर या पशुपालकाच्या दलदलीत काही जनावरे सापडली, त्याने त्यांना अभय दिले आणि आजचे सर्व ट्यूल एल्क त्या मूठभर पूर्वजांची संतती आहेत. १९७८मध्ये त्यांतील १० एल्क भूशिरावर आणून सोडण्यात आले आणि दक्षिणेकडील दुग्धव्यवसायाची कुरणे सुरक्षित राहावीत म्हणून सुमारे २,६०० एकरांचा हा प्रदेश कुंपणाने तोडण्यात आला.

सुरुवातीच्या वर्षांतच काही नरांची शिंगे वेडीवाकडी वाढू लागली. त्यामागे तांब्याची कमतरता असल्याचे निष्पन्न झाले. ग्रॅनाइटजन्य मातीत तांबे कमी, म्हणून गवतात कमी आणि म्हणून प्राण्याच्या शरीरातही कमी. मोकळे जनावर अशा वेळी दुसऱ्या मातीवर चरायला जाते, कोंडलेल्याला ती सोय नसते. तरीही कळप वाढला आणि पुनर्वसनाच्या यशाचे गोडवे गायले गेले. २०१२ ते २०१४च्या दुष्काळात मात्र त्याची संख्या ५४० वरून २८६ वर आली, आणि त्याच काळात उद्यानातील कुंपणाबाहेरचे एल्क, ज्यांचे पूर्वज १९९९मध्ये लिमंटूर परिसरात सोडण्यात आले होते, वाढतच राहिले. ठरवून केलेल्या प्रयोगालाही याहून स्पष्ट तुलना साधता आली नसती. २०२०मध्ये पुन्हा १५२ एल्क कमी झाले. प्राणिप्रेमींनी पाण्याच्या टंचाईकडे बोट दाखवले, प्रशासनाने निकृष्ट चाऱ्याकडे. २०२१मध्ये पाण्याची आणि खनिजांची अशा दोन्ही सोयी कराव्या लागल्या, हे त्या वादाचे पुरेसे उत्तर आहे.

टोमालेस पॉइंटची जाऊन-येऊन सुमारे १५ किलोमीटरची पायवाट पिअर्स पॉइंट या जुन्या गोठ्यापासून सुरू होते. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा एल्कांच्या माजाचा काळ असून नरांची दीर्घ, शिट्टीसारखी हाक तेव्हाच ऐकू येते; कॅलिफोर्नियात राहणाऱ्या किंवा तेथे जाणाऱ्या वाचकांनी या वाटेला लागण्यापूर्वी बेअर व्हॅलीतील भूकंपाची छोटी वाट आवर्जून पाहावी आणि माजावर आलेल्या नरापासून भरपूर अंतर राखावे.