सनद मिळाल्यावर: नवे वकील आणि मोफत विधी सेवा

आजच्या व्याख्यानासाठी आयोजकांनी सुचवलेला विषय होता ‘तरुण वकील आणि समाजसेवा’. त्यातला ‘समाजसेवा’ हा शब्द आम्ही बदलून घेतला. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

आम्ही म्हणजे वकिलीत पाच वर्षंही न झालेले काही जण. एरवी सिनियरच्या ऑफिसात काम करायचं आणि महिन्यातले काही दिवस कारागृहातल्या बंद्यांच्या कागदपत्रांसाठी द्यायचे, असा आमचा क्रम आहे.

आधी ज्युनिअर वकील घडतो कसा, ते थोडक्यात सांगतो. बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायद्याचं शिक्षण. मग राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी, म्हणजे सनद. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा. सनदेसाठी अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात लिहिलेल्या ७५० रुपयांपेक्षा आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. गरीब घरातल्या मुलामुलींसाठी ही मोठी गोष्ट आहे.

सनद मिळाली म्हणून लगेच कुणी युक्तिवाद करत नाही. सकाळी बोर्ड बघायचा, पुकारा होईपर्यंत थांबायचं, नकलेसाठी अर्ज टाकायचा, रोजनामा वाचायचा, सिनियर दुसऱ्या कोर्टात अडकले असतील तर तारीख मागायची. ‘ज्युनिअर म्हणजे तारीख घेणारा’ असं लोक हसून म्हणतात. पण कच्च्या कैद्याला नेमकं हेच कौशल्य हवं असतं. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

हक्क आहे, उपकार नाही

१९७८ मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न आला की, तुरुंगातल्या माणसाला निकालाची प्रतच वेळेवर मिळाली नाही, तर त्याने अपील करायचं कसं? न्यायालयाने सांगितलं, प्रत विनामूल्य द्या आणि गरज असेल तिथे वकीलही द्या. पुढच्याच वर्षी बिहारमधलं हुसैनारा खातून प्रकरण आलं. ज्या गुन्ह्याचा आरोप होता, त्याच्या कमाल शिक्षेपेक्षा जास्त काळ काही माणसं खटल्याविनाच आत होती.

राज्यघटनेत ३९-अ हे कलम १९७६ मध्ये आलं. त्यावर आधारलेला विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग व्यक्ती आणि कोठडीतली व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. म्हणजे तुरुंगातला माणूस आमच्याकडे मदत मागत नसतो, स्वतःचा हक्क मागत असतो. ‘समाजसेवा’ शब्द आम्हाला खटकला तो यासाठी. सेवा चुकली तर लोक समजून घेतात; हक्काच्या कामात तारीख चुकली तर एक माणूस विनाकारण आत राहतो.

कुठे कुठे अडतं?

पहिली जागा म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यासमोरची पहिली हजेरी. वकील मिळण्याचा हक्क तिथूनच सुरू होतो, हे १९८१ च्या खत्री खटल्यात ठरलं. मुंबईवरच्या हल्ल्याच्या खटल्यात, कसाबच्या अपिलाचा २०१२ मध्ये निकाल देताना, हेच पुन्हा ठासून सांगितलं गेलं: आरोपीला या हक्काची माहिती देणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे.

दुसरी जागा दोषारोपपत्राची. पोलिसांना ते ठरावीक मुदतीत दाखल करावं लागतं. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. मुदत टळली तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. पण एक मेख आहे. अर्ज करावा लागतो, आणि अर्जाआधी दोषारोपपत्र आलं तर हा हक्क गेला. समजा, साध्या चोरीच्या आरोपीला १ जानेवारीला कोठडी सुनावली. तो दिवस धरून मोजायचं, असं २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. लीप वर्ष नसेल तर साठावा दिवस १ मार्च. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर २ मार्चला कोर्ट उघडताच अर्ज हातात हवा. यात वक्तृत्व काही लागत नाही. कॅलेंडर लागतं.

तिसरी जागा म्हणजे लांबलेला खटला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ सांगतं की, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला जामिनावर सोडावं. आधी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळानंतर. चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे अशा माणसासाठी एक वर्ष. मात्र मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, आणि एकापेक्षा जास्त प्रकरणं चालू असतील तर हा लाभ मिळत नाही. म्हणून आधी विचारायचं, ‘दुसरी केस आहे का?’ आणि उत्तर मिळालं तरी रेकॉर्ड तपासायचं.

चौथी जागा आम्हाला सगळ्यात जास्त बोचते. जामीन मंजूर होतो, पण माणूस बाहेर येत नाही. कारण जामीनदार नाही. बांधकामावर मजुरीसाठी परराज्यातून पुण्या-मुंबईत आलेल्या माणसाला इथे रेशनकार्ड आणि ऐपतीचा दाखला घेऊन उभं राहणारं कोण असतं? १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याचं असंच झालं होतं. दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून त्याला जामीनदार म्हणून नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाने मोतीरामला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाने आता एक पद्धत घालून दिली आहे. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनपत्र भरलं गेलं नाही, तर न्यायालय स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. पद्धत चांगली आहे. पण यादी तयार होणं, ती पोहोचणं, घरच्यांना फोन लावणं, अट बदलण्याचा अर्ज टाकणं हे कुणीतरी करावं लागतं. आमचा बहुतेक वेळ यातच जातो. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातल्या कारागृहांतले सुमारे ७६ टक्के बंदी कच्चे कैदी होते. काम कमी पडेल, अशी चिंता नाही!

फुकट काम परवडतं कुणाला?

हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारतात आणि तो रास्त आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं सुचवलं. ही शिफारस आहे, सक्ती नाही. ज्याला खोलीचं भाडं स्वतः भरायचं आहे, तो विनामोबदला काम फार दिवस करू शकत नाही. मग हे काम ज्यांच्या घरी आधीच सुबत्ता आहे त्यांच्यापुरतं उरतं, आणि कैद्याची बोली, त्याची वस्ती ओळखणारा वकील त्यातून गळतो.

म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. कैद्याकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. पण वकिलाने उपाशी राहावं, असं कायदाही म्हणत नाही. पॅनेलवरच्या वकिलाला प्राधिकरण फी देतं. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत आलेल्या विधी सहाय्य बचाव पक्ष वकील योजनेत पूर्णवेळ, मानधनावर नेमणूक होते, आणि सहाय्यक पदासाठी तीन वर्षांपर्यंतचा अनुभव असलेले नवे वकीलही चालतात. ज्युनिअर मित्रांनी हा रस्ता जरूर बघावा. सनद नसलेल्यांसाठी विधी स्वयंसेवकाचं काम आहेच; त्याला कायद्याची पदवी लागत नाही.

शेवटी, तुमच्या ओळखीत कुणी आत असेल तर तीन गोष्टी एका कागदावर लिहून ठेवा: गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणं, लावलेली कलमं, पहिली कोठडी सुनावल्याची तारीख. मग १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा कार्यालयात जा. एवढा कागद हातात असला, तर समोर बसलेला ज्युनिअर कितीही नवा असो, त्याच दिवशी मोजायला सुरुवात करू शकतो.

आता तुमचे प्रश्न घेऊया.