हाक, आडोसा आणि फास

रिसोड तालुक्यातल्या केनवडच्या बाजूला सोयाबीन-तुरीचं रान राखायचं म्हणजे आवाज करायचा. डबे बडवायचे, फटाके फोडायचे, रोही आणि रानडुकरं हुसकायची. याच वऱ्हाडात फासेपारध्यांची अख्खी विद्या मात्र उलट्या दिशेची होती: जनावराला आपण होऊन जवळ यायला लावायचं.

सगळ्यांत मुरलेली शिकार तितराची. पाळलेला नर पिंजऱ्यात घालून झुडपाशी ठेवायचा, भोवती फाशांची रांग. बांबूची बारीक खुंटी, तिला घोड्याच्या केसाची सरकगाठ. उजाडता पिंजऱ्यातला ओरडला की त्या हद्दीचा मालक तितर भांडायला धावतो आणि पाय अडकवून बसतो. पिंजऱ्यातला गप्प बसला, तर पारधी स्वतः तोंडाने आवाज काढतो. खरं कसब पुढे आहे. रानातल्याने उत्तर दिलं की थांबायचं. जास्त बोललेला पारधी रिकाम्या हाताने परततो.

अशीच हाक दूरदेशीही होती: कॅनडातल्या क्री आणि मिगमाव जमातींचे शिकारी भूर्जाच्या सालीचा कर्णा करून मूस नावाच्या अजस्र सांबरवर्गीय प्राण्याला बोलावत. शरद ऋतूत, माजाच्या दिवसांत, मादीचा लांबट हंबरडा काढायचा आणि वारा त्या प्राण्याकडून येईल अशा जागी दबून राहायचं. तिथे हाकेत प्रियेचं आमिष, इथे वैऱ्याचं. गप्प राहण्याचं शास्त्र तेच.

माळावर दडायला झाड नसतं. त्यावर पारध्यांतल्याच गायपारध्यांनी तोडगा काढला तो गाईबैलाचा. शिकवलेलं जनावर चरत चरत पुढे सरकतं, पारधी त्याच्या पलीकडच्या अंगाने वाकून चालतो. हरिण माणसाला बिचकतं, गुराला नाही. काळविटासाठी तर माणसाळलेल्या नराच्या शिंगांनाच फास बांधून त्याला कळपात सोडत. रानातला नर झुंजायला आला की शिंगं गुंतत.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या शिकारी जमातींवर लिहिलं. नंदीवाले कुत्र्यांनी डुक्कर, साळिंदर मारत; वैदू लहान मांसभक्षक आणि पाण्यातले जीव धरत; हरणं-पाखरं फासेपारध्यांची. फाशात सापडलेली गाभण हरिणी आणि पाडस सोडून देण्याचा रिवाजही त्यांनी नोंदवला. तो दयेपोटीच होता असं मला वाटत नाही. पुढच्या हंगामाचा हिशेब त्यात असावा. हिशेब म्हणून तो जास्त भरवशाचा.

इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने गुन्हेगार जमातींची यादी सुरू झाली. पारध्यांवरचा तो शिक्का १९५२मध्ये पुसला, संशय उरला. १९७२च्या वन्यजीव कायद्याने पिढीजात धंदाच गुन्हा ठरवला. प्राण्यांसाठी ते गरजेचं होतं. पारध्याच्या पोटाचं पुढे काय, हे त्या कायद्यात नव्हतं.

कारंजा भागात कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन गवताळ माळ आणि तणमोर राखते. हा पक्षी एरवी गवतात दिसतच नाही. पावसाळ्यात नर माणसाच्या उंचीएवढी उडी घेऊन बेडकासारखा आवाज करतो, आणि त्याच जागी पूर्वी फास लागत. २०२१मध्ये तो जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत गेला. उडीची जागा ज्याला ठाऊक, तोच आज मोजणीला उपयोगी.

वनरक्षकाच्या भरतीत लेखी परीक्षा असते, पुरुषांना पाच किलोमीटर धावणं असतं. तितराला उत्तर द्यायला लावणाऱ्याला त्यात एकही गुण नाही. किमान माळरानांच्या जिल्ह्यांत तरी तो गुण असावा.