सलाईनचे स्तन-इम्प्लांट नकोसे झाले तर?

सलाईन म्हटले की आपल्याला दवाखान्यातली बाटली आठवते. स्तनात बसवण्याच्या एका प्रकारच्या इम्प्लांटमध्येही तेच निर्जंतुक मिठाचे पाणी असते. बाहेरची पिशवी मात्र सिलिकॉनची असते. अमेरिकेत १९९२ साली सिलिकॉन जेलच्या इम्प्लांटवर निर्बंध आले आणि ते २००६ पर्यंत राहिले. त्या काळात तिथल्या असंख्य स्त्रियांनी सलाईनचे इम्प्लांट घेतले. कोणी कर्करोगात स्तन काढल्यावर, तर कोणी आपल्या इच्छेने.

पुढे ते नकोसे झाले, की अनेकजणी गप्प बसतात. “तूच करून घेतलंस ना?” हे ऐकावे लागेल, ही भीती असते. भगिनींनो, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. कोणतेही इम्प्लांट जन्मभर टिकेल असे धरून बसवलेले नसते. वर्षांनुवर्षे गेल्यावर ते बदलावे किंवा काढावे लागू शकते.

आधी आपली तक्रार नेमकी कोणती, ते ठरवा. उपाय त्यावर अवलंबून असतो.

त्वचेवर सुरकुत्या किंवा लाटा दिसतात : अंगाने बारीक स्त्रियांमध्ये हे जास्त आढळते. सिलिकॉन जेलचे इम्प्लांट बसवणे, ते स्नायूखाली सरकवणे किंवा पोटा-मांडीची चरबी स्तनात भरणे, हे पर्याय आहेत. मात्र जेलचे इम्प्लांट फुटले तरी बाहेरून कळत नाही. म्हणून अधूनमधून सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी लागते.

स्तन अचानक लहान झाला : पिशवी गळाली असावी. ते पाणी शरीर शोषून घेते, त्याने अपाय होत नाही. पण पिशवी आतच राहते, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय फार लांबवू नका.

स्तन कडक झाला, दुखतो : इम्प्लांटभोवती शरीर जे आवरण तयार करते, ते आवळले गेले असावे. हे आवरण मोकळे करता येते किंवा काढता येते.

इम्प्लांटच नको आहे : ते कायमचे काढता येते. सैल पडलेली त्वचा वर ओढून घेता येते. कर्करोगानंतर पाठीच्या किंवा पोटाच्या मांसाचा स्तन करता येतो. नाहीतर सपाट छाती ठेवून ब्रामध्ये कृत्रिम स्तन वापरता येतो.

सलाईनचा एक फायदा लक्षात ठेवा. शस्त्रक्रियेआधी सुईने पाणी काढून काही आठवडे थांबता येते. काढल्यावर आपण कशा दिसू, याचा अंदाज येतो आणि पुढचा निर्णय सोपा होतो.

थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा यांचा संबंध काहीजणी इम्प्लांटशी जोडतात. त्यासाठी ठरावीक तपासणी नाही. काढल्यावर काहींना बरे वाटते, सर्वांनाच वाटेल असे नाही. थायरॉइड, रक्तक्षय यांची तपासणी आधी करून घ्या.

बऱ्याच वर्षांनी स्तनाला एकाएकी सूज आली, गाठ लागली, तर मात्र थांबू नका. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित एक प्रकारचा कर्करोग होऊ शकतो. मॅमोग्राफीला जाताना इम्प्लांट असल्याचे तंत्रज्ञाला आधीच सांगा.

प्लास्टिक सर्जनकडे जाताना जुने कागद आणि इम्प्लांटचे कार्ड सोबत न्या. खर्च, व्रण आणि पुन्हा शस्त्रक्रियेची शक्यता स्पष्ट विचारा. शंका राहिली तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. शरीर आपले आहे. निर्णयही आपलाच असावा.