ताप उतरला, पण रोग गेला काय?

आम्ही पेशाने शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. औषधे सांगण्याचा अधिकार आमचा नाही व तसा हेतूही नाही. परंतु पावसाळा सुरू झाला की शाळेत एक वाक्य वारंवार कानी पडते: "काल रात्री ताप उतरला, म्हणून आज मुलाला पाठवले." हे वाक्य उच्चारणारी माता काळजी घेणारीच असते. तिची समजूत इतकीच की ताप म्हणजेच रोग, आणि अंग थंड झाले म्हणजे रोग गेला. ही समजूत आपल्या भागात किती महाग पडू शकते, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासद बंधुभगिनींपुढे मांडावे असे आम्हांस वाटते.

प्रथम ताप म्हणजे काय ते पाहू. निरोगी माणसाचे उष्णतामान साधारणपणे ३७ अंश सेल्सिअस असते. कार्ल वुंडरलिक या जर्मन वैद्याने हजारो रोग्यांची नोंद ठेवून १८६८ साली हा आकडा प्रसिद्ध केला. दिवसाच्या वेळेप्रमाणे त्यात थोडा फरक पडतो. ३८ अंश, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइट, झाले की वैद्य त्यास ताप म्हणतात. आपल्या मेंदूत उष्णतेचे नियमन करणारे एक केंद्र आहे. रोगजंतू शरीरात शिरले की रक्तातील रक्षक पेशी काही रासायनिक द्रव्ये सोडतात आणि त्यांच्या प्रभावाने हे केंद्र आपली मर्यादा वर चढवते. आता ३७ अंशही शरीराला कमी वाटू लागतात. म्हणून अंग तापण्यापूर्वी थंडी वाजते, दात वाजतात व आपण घोंगडी मागतो. पॅरासिटामॉलची गोळी ही वाढलेली मर्यादा पुन्हा खाली आणते. रोगजंतूंना मात्र ती स्पर्शही करीत नाही. ताप हा घरी आलेला निरोप्या आहे. निरोप्याला दाराबाहेर घालवल्याने निरोप खोटा ठरत नाही.

तापाने गोव्यात काय उलथापालथ केली, याची साक्ष जुने गोवे देते. एके काळचे ते वैभवशाली नगर हिवतापाच्या व पटकीच्या साथींनी ओस पडत गेले आणि १८४३ साली राजधानीचा मान पणजीकडे गेला. त्या काळी तापाचे कारण कोणासच ठाऊक नव्हते. आज कारणे ठाऊक आहेत. ती ओळखण्यास आपण वेळेवर पोहोचतो की नाही, एवढाच प्रश्न उरला आहे.

आपल्या सुर्ला परिसरात वर्षाच्या प्रत्येक हंगामाचा ताप वेगळा आहे. पावसाळ्यात नारळाच्या करवंट्या, जुने टायर व उघडी पिंपे यांत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचे डास वाढतात. हे डास दिवसा चावतात. डेंगीचा ताप बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान उतरतो, घरच्यांना हायसे वाटते, आणि नेमके त्यापुढील २४ ते ४८ तास सर्वांत धोक्याचे असतात! पोटात तीव्र दुखणे, सतत ओकाऱ्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, हातपाय गार पडणे, विलक्षण ग्लानी, यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास अंग थंड आहे म्हणून स्वस्थ बसू नये. रोग्यास तत्काळ इस्पितळात न्यावे. अशा तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या मनाने देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्राव वाढण्याचे भय असते.

हिवतापाची तऱ्हा निराळी. त्याचा परजीवी तांबड्या पेशींत वाढतो व त्या फोडून बाहेर पडतो, तेव्हा हुडहुडी भरून ताप चढतो. नेहमीच्या प्रकारात हे चक्र ४८ तासांचे असल्याने पुष्कळदा ताप एक दिवसाआड येतो. मधल्या दिवशी मनुष्य कामावर जातो आणि बरा झालो असे मानतो. शिवाय या प्रकारचे काही परजीवी यकृतात दडून राहतात व महिन्यांनंतर पुन्हा उठतात. म्हणूनच डॉक्टर १४ दिवसांच्या गोळ्या देतात. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवणे म्हणजे शत्रूला घरात आसरा देणे होय.

शेतात चिखलात काम करणाऱ्यांस लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. उंदरांच्या मूत्रातील जंतू साचलेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत असह्य वेदना व डोळ्यांना लाली ही त्याची खूण. आरंभीच औषध मिळाल्यास हा रोग बरा होतो. विलंब झाल्यास कावीळ होते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

पाऊस सरला, काजूचा हंगाम आला, की माकडतापाची पाळी येते. हा विषाणू १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात प्रथम सापडला. २०१५ साली शेजारच्या सत्तरी तालुक्यातील पाली येथे त्याची साथ आली व काजूच्या बागांत राबणारे लोक तिला बळी पडले. पुढच्याच वर्षी सीमेपलीकडे दोडामार्ग तालुक्यातही तो पोहोचला. रानातील बारीक गोचिडीच्या चाव्याने हा ताप होतो; माणसाकडून माणसास लागत नाही. एकाएकी थंडी, प्रखर डोकेदुखी, अंग मोडून येणे असा त्याचा आरंभ असतो. आठवडा-दीड आठवड्याने ताप जातो. परंतु काही रोग्यांत तो पुन्हा परततो व या खेपेस मेंदूवर परिणाम करतो. यावर खास औषध नाही, तरी वेळेवर शुश्रूषा मिळाल्यास बहुतेक रोगी वाचतात. रानात जाताना अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर गरम पाण्याने स्नान करून कपडे धुवावेत, आणि मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्यकेंद्रास कळवावे.

मग आपण करावे तरी काय? घरात एक थर्मामीटर व एक वही असावी. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, सकाळ-संध्याकाळ किती होता, कोणती गोळी केव्हा दिली, आणि रोगी त्यापूर्वी रानात, शेतात की परगावी गेला होता, एवढे लिहून ठेवावे. ही वही डॉक्टरांस फार उपयोगी पडते, कारण रक्ताची कोणती तपासणी करावयाची हे तापाच्या दिवसावर अवलंबून असते. आरंभीच्या दिवसांत खुद्द जंतूचा शोध घेतला जातो, पुढे त्याविरुद्ध शरीराने निर्माण केलेल्या प्रतिद्रव्यांचा.

पेज, भरपूर पाणी व विश्रांती हे आपल्या आजीबाईंचे उपचार आजही योग्यच आहेत. किरायत्याचा काढा कोणास द्यावयाचा असेल तर आमची तक्रार नाही. मात्र काढ्याच्या भरवशावर रक्ततपासणी लांबणीवर टाकू नये. साथीच्या दिवसांत पहिल्या-दुसऱ्या दिवशीच साखळीचे वा डिचोलीचे आरोग्यकेंद्र गाठावे. तीन महिन्यांखालील तान्ह्या बालकास ताप आल्यास एक तासही वाट पाहू नये. आणि ताप उतरल्यावर मुलास शाळेत धाडण्याची घाई करू नये. बुडालेला धडा आम्ही शिक्षक पुन्हा शिकवू शकतो. त्यासाठी मूल मात्र सुखरूप असले पाहिजे.